मौजगढात हरवलेला अवर सचिव

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी हरवलो. कुंभमेळ्यात नाही, हिमालयात नाही. जयपूर हायवेवर मानेसरच्या अलीकडे मौजगढ नावाचं जे करमणूक उद्यान आहे, त्याच्या दारात हरवलो. वास्तविक मी हरवलोच नव्हतो. मी कुठे उभा आहे, का उभा आहे आणि कोणाच्या चुकीमुळे उभा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ज्याने चौतीस वर्षं केंद्र सरकारात फायली हलवल्या, त्याला एक गोष्ट कळलेली असते. कागदावर येतं तेच खरं. आणि मौजगढच्या रजिस्टरात माझी नोंद ‘हरवलेला’ अशी आहे.

सुरुवात अहिल्येने केली. दोन हजार सहाचा फेब्रुवारी होता. राजधानीतल्या द्वारका भागात, आमच्या सोसायटीच्या बाल्कनीत ऊन आलं होतं आणि मी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, आपण एकदा मौजगढला जाऊ या. मला वाटलं, पुण्याहून नातवंडं येताहेत. अर्णव आणि अवनीला घेऊन आम्ही तिथे दोनदा गेलो होतो. ती म्हणाली, मुलं नाहीत, आपण दोघंच. मग झुल्यात कोण बसणार, असं मी विचारलं. कोणीच नाही, ती म्हणाली, झुले सोडून बाकी सगळं बघायचं.

झुले सोडून बाकी काय असतं, हे तिने मला समजावून सांगितलं. मागच्या दोन्ही वेळा मुलं रांगेत आणि ती बाकावर पिशव्या सांभाळत बसली होती. त्या बाकासमोर तळं होतं, बदकं होती, वाफ्यांत एवढी फुलं होती की सरकारी बागेतसुद्धा नसतात. लाल कोट घातलेले बँडवाले होते. शिवाय माणसं. पाळण्यात चढताना एक चेहरा आणि उतरताना दुसरा. पण कुठे नीट बघायला लागावं, तेवढ्यात मुलं यायची आणि उठावं लागायचं. ‘मला एकदा न उठता बसायचंय,’ ती म्हणाली.

लग्नाच्या पंगतीला जाऊन न जेवता मांडव बघून यावं, तसं हे मला वाटलं. तसं मी म्हटलंही. पण अहिल्या वाद घालत नाही. ती विषय तिथेच ठेवते आणि भाजी निवडायला घेते. ती भाजी इतकी शांतपणे निवडली गेली की मी दुपारी मौजगढला फोन लावला.

फोनवर एका यंत्राने मला वाढदिवसासाठी एक, शाळेच्या सहलीसाठी दोन आणि कंपनीच्या पार्टीसाठी तीन दाबायला सांगितलं. बसायला येणाऱ्या वृद्धांसाठी आकडाच नव्हता. शेवटी मी वाढदिवस दाबला. पलीकडच्या मुलीने विचारलं, बर्थडे बेबी कितने साल का है? मी माझं वय सांगितलं. मग तिने माहिती दिली की ‘दर्शक’ नावाचं एक तिकीट असतं. त्यात झुले नाहीत. ते फक्त ज्येष्ठ नागरिकांना मिळतं आणि त्यासाठी जन्मतारखेच्या पुराव्याची साक्षांकित प्रत लागते.

इथे मला थोडं थांबून सांगितलं पाहिजे की मी अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. माझ्या हयातीत मी हजारो प्रती साक्षांकित केल्या आहेत. सोसायटीतल्या मुलांचे दाखले, ड्रायव्हरच्या मेहुण्याची गुणपत्रिका, एकदा तर जिन्यात उभ्या उभ्या एका वराची पत्रिका. पण निवृत्त माणसाची सही म्हणजे नुसती रेघ. तेव्हा मी बस आणि मेट्रो करून जुन्या ऑफिसात गेलो. तिथे विलास नावाचा माझ्या हाताखाली तयार झालेला अधिकारी होता. त्याला मसुदा लिहायला मी शिकवलं होतं. त्याने चहा मागवला, माझी प्रत हातात घेतली आणि अत्यंत आदराने विचारलं, ‘सर, ओरिजिनल आणलंय ना?’

मी ओरिजिनल आणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

एव्हाना सोसायटीत बातमी पसरली होती. आमच्याकडे लिफ्ट फक्त माणसं वर नेते. बातम्या जिन्याने त्याआधी पोचतात. ज्याला त्याला एकच प्रश्न पडला होता, बच्चे किसके साथ हैं? बच्चे नाहीत म्हटल्यावर लोक माझ्याकडे काळजीने बघायचे. सेक्रेटरींनी हरिद्वार सुचवलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे भुल्लरजी मात्र खूश झाले. त्यांचा सल्ला असा की आत काहीही खायचं नाही, पराठे घरून न्यायचे, आणि पिशवीत काढून घेतात म्हणून स्वेटरच्या आत पोटाशी बांधून न्यायचे. त्यांनी स्वतः एकदा आख्खी कोंबडी तशी नेली होती म्हणे.

शेजारच्या फ्लॅटमधले दीनानाथ आणि कुमुदिनी हे मराठी जोडपं. दीनानाथ रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही प्रवासाला ते स्वतःला अपरिहार्य समजतात. त्यांनी आधी या बेताला मूर्खपणा म्हटलं, मग तो मूर्खपणा नीट कसा करावा याचं वेळापत्रक आखलं आणि शेवटी आपणही येत असल्याचं जाहीर केलं. कुमुदिनीवहिनींनी चौघांच्या रक्तगटांच्या चिठ्ठ्या करून प्रत्येकाच्या खिशात घातल्या. तळ्याकाठी बसून बदकं बघण्यात रक्त किती सांडतं, हे मी त्यांना विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी आम्ही भाड्याच्या क्वालिसमधून निघालो. गुडगावच्या काचेच्या इमारतींखालून, कारखान्यांच्या बसेसच्या मागे मागे रखडत दीड तासाने पोचलो. वाटेत दीनानाथ दर सिग्नलला आपण किती लेट आहोत ते सांगत होते. मौजगढला बाहेरून बुरूज होते, त्यावर प्लास्टिकचे शिपाई होते आणि खाली हरयाणवी खरे शिपाई होते.

तिकिटांच्या खिडकीवर बायकांची रांग छोटी होती, म्हणून कुमुदिनीवहिनींनी चारही तिकिटं काढली. तिकिटं त्यांच्या पर्समध्ये गेली. आमच्या घरातला एकुलता एक मोबाइल अहिल्येच्या पर्समध्ये होता. झडतीसाठी बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे, अशी व्यवस्था होती. माझ्या साक्षांकित प्रतीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी ती पुढे केली तेव्हा शिपायाने त्यात काही बांधलंय का, एवढंच बघितलं.

मग त्याचा हात माझ्या पोटावर आला. तो थबकला. दाबून पाहिलं. ‘बाऊजी, यह क्या है?’ असं त्याने फार हळू आवाजात विचारलं, आणि मागची रांग चार पावलं मागे सरकली.

मेथीचे पराठे आहेत, असं मी म्हणालो. त्यानंतरचा प्रसंग मी थोडक्यात सांगतो. मला एका पडद्यामागे नेण्यात आलं. स्वेटर काढण्यात आला. अहिल्येच्या जुन्या सुती साडीचा पट्टा सोडण्यात आला. फॉइल उलगडण्यात आलं. तीन अधिकाऱ्यांनी पराठे पाहिले आणि त्यातल्या सर्वांत वरिष्ठाने लोणचं आहे का, अशी चौकशी केली. दीनानाथ माझ्यासाठी थांबले होते, म्हणजे पडद्याबाहेर उभे राहून आपला पराठ्यांशी संबंध नसल्याचं सगळ्यांना सांगत होते.

पराठे सरकारजमा करून, म्हणजे कंपनीजमा करून आम्ही दुसऱ्या फाटकापाशी आलो तेव्हा आमच्या बायका दिसेनाशा झाल्या होत्या. फाटकावर एक तरुण शिपाई होता. त्याने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘स्टॅग एंट्री मना है.’

स्टॅग म्हणजे नर हरीण, एवढं माझं इंग्रजी पक्कं आहे. बायका बरोबर नसलेली तरुण पुरुषांची टोळकी आत जाऊन दंगा करतात, म्हणून त्यांना बंदी, हा या पाटीचा अर्थ दीनानाथांनी मला सांगितला. पण ती पाटी आपल्यासाठी आहे, हे समजायला आम्हाला वेळ लागला. दीनानाथांच्या गुडघ्याला पट्टा होता. माझे खालचे दात माझे नाहीत. आम्ही दोघं मिळून एकशे चौतीस वर्षांचे होतो.

‘लेडीज किधर हैं?’ शिपायाने विचारलं.

आत आहेत, आम्ही म्हणालो.

‘सब यही कहते हैं,’ तो म्हणाला.

तिकिटं कुठे आहेत? लेडीजकडे. फोन? लेडीजकडे. मी त्याला माझी साक्षांकित प्रत दाखवली. त्याने ती उलटसुलट वाचली आणि म्हणाला, यात बायकोचं नाव कुठे आहे? हा मुद्दा बिनतोड होता. माझ्या हाताखाली असता तर मी त्याला बढती दिली असती. दीनानाथ आवाज चढवून रेल्वेतल्या आपल्या हुद्द्याबद्दल बोलू लागले, तेव्हा त्याने वायरलेसवर कोणाला तरी विचारलं आणि आमची सोय लावली. दोन माणसं आपल्या कुटुंबापासून तुटली आहेत, सबब त्यांना खोया-पाया केंद्रात जमा करावं.

ते केंद्र फाटकाला लागूनच होतं. भिंतीवर ससे, छताला फुगे, आणि बसायला भूछत्रांच्या आकाराच्या खुर्च्या. माणसाचं बूड जमिनीपासून एक वीत वर राहील अशा. दीनानाथ खाली बसले ते बसलेच. काउंटरवर छातीला ‘निधी’ अशी पट्टी लावलेली मुलगी होती. मुलगी अतिशय गोड होती आणि तेच वाईट होतं. उर्मट माणसाशी भांडता येतं.

तिने फॉर्म काढला. नाव, वय, कपड्यांचा रंग. वयाच्या रकान्यात वर्षं आणि महिने अशी जागा होती. मी सहासष्ट वर्षं चार महिने सांगितलं. पुढचे रकाने तिने मोठ्याने वाचले नाहीत, पण मला ते उलटे दिसत होते: ‘बच्चा अपना पूरा नाम बता सकता है?’ त्यावर तिने हो अशी खूण केली. मग माझ्या मनगटावर पिवळी पट्टी चिकटवली, त्यावर अहिल्येचं नाव लिहिलं आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला.

‘श्रीरंगजी, उम्र छियासठ साल, नीला स्वेटर पहने हुए, अपनी फैमिली से बिछड़ गए हैं.’ माझं नाव मौजगढाच्या बुरुजाबुरुजांवरून घुमलं. त्यापाठोपाठ दीनानाथांचं. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझं नाव असं कधीही, कोणत्याही कारणासाठी जाहीर झालेलं नाही.

दहा मिनिटांत कुमुदिनीवहिनी धापा टाकत आल्या. त्यांनी सही करून दीनानाथांना ताब्यात घेतलं, त्या आणि निधी अशा दोघींनी मिळून त्यांना भूछत्रावरून उपटलं, आणि वहिनी म्हणाल्या, आता यांनाही सोडा, हे आमच्या शेजारचे. निधीने रजिस्टर पाहिलं. तिचा चेहरा पडला. ‘सॉरी आंटी, एक लेडी एक ही हज़बंड ले जा सकती है.’

नियम म्हणून हा उत्तमच आहे. मी त्याला हरकत घेऊ शकलो नाही. मी फक्त विचारलं, अहिल्या कुठे आहे? वहिनी घुटमळल्या. मग म्हणाल्या, ती मिरवणूक बघतेय. तिने ऐकलं तुमचं नाव. मिरवणूक संपली की येते म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असावी. पण वहिनी दीनानाथांना घेऊन निघून गेल्या आणि मी ससे असलेल्या भिंतीकडे तोंड करून बसलो. माणसाचा अपमान होतो तेव्हा त्याला निदान उंच खुर्ची तरी असावी.

खोलीत आणखी एक हरवलेली व्यक्ती होती, हे मला तेव्हा दिसलं. कोपऱ्यात, खिडकीतल्या उन्हात, एक सत्तरीची बाई ओढणी डोक्यावर घेऊन सरबत पीत बसली होती. खुर्ची बाजूला सारून तिने जमिनीवरच बैठक मारली होती. नाव विचारलं तर म्हणाली, भरपाई. हरयाणात हे नाव असतं, पण मराठी कानाला ते वेगळं लागतं. सबंध कारकिर्दीत मी इतरांना भरपाई मंजूर केली. माझ्या वाट्याला आलेली ही पहिली. ती पानिपतजवळच्या एका गावातून दोन सुना आणि सात नातवंडांबरोबर आली होती.

कधीपासून हरवलायत, मी विचारलं. तिने सांगितलं की ती दर वेळी हरवते. झुल्यांनी तिला चक्कर येते, सुनांच्या मागे पळून पाय दुखतात. इथे ऊन आहे, सरबत मिळतं, आणि ही मुलगी तिची विचारपूस करते. घरी कोण करतं? संध्याकाळी सुना येऊन घेऊन जातात. मग तिने माझं गाव विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर तिने मान हलवली.

‘मरहट्टे हो? थारे तो पहले भी घणे आदमी म्हारे पानीपत में खोये थे.’

यात टोमणा नव्हता. ती मनापासून हळहळली आणि तिने निधीला मला सरबत द्यायला सांगितलं. मी ते घेतलं. पराठे गेल्यामुळे सकाळपासून पोटात काही नव्हतं.

अहिल्या आली तेव्हा तिच्या हातात बुढ्ढी के बाल, म्हणजे आपले म्हातारीचे केस होते, त्यातले निम्मे खाऊन झालेले. गाल उन्हाने लाल झाले होते. ती माझ्याकडे बघून हसली नाही, एवढं मी तिच्या बाजूने नमूद करतो. निधीने फॉर्म पुढे केला आणि ओळखीची खूण विचारली. अंगावर तीळ, व्रण, काहीही.

अहिल्या म्हणाली, ‘इनसे पूछो, मुझे आने में कितना टाइम लगा.’

निधीने माझ्याकडे पाहिलं. ‘एक तास बारा मिनिटं,’ मी मराठीतच म्हणालो. घड्याळ बघायची गरजच नव्हती. निधीने शिक्का मारला. खालच्या ओळीत ‘किस हालत में मिला’ असं होतं, तिथे अहिल्येने स्वच्छ अक्षरात ‘नाराज़’ लिहून सही केली.

बाहेर पडल्यावर मी तिला खूप काही बोलायचं ठरवलं होतं. मुद्दे काढून ठेवले होते, क्रमांक घालून. पण पहिल्या मुद्द्यालाच ती चालता चालता थांबली.

‘मी ऐकलं होतं तुमचं नाव,’ ती म्हणाली. ‘ऐकून आधी जीव दचकला. मग म्हटलं, ते सापडलेत. छपराखाली आहेत, बसायला खुर्ची असेल. आणि इकडे उंट येत होते.’

‘उंट?’

‘दोन होते. झूल घातलेले. आपण सव्वीस जानेवारीचं संचलन तीनदा बघायला गेलो, आठवतं? तिन्ही वेळा उंटांच्या आधी उठलो. पार्किंगमध्ये गर्दी होईल म्हणालात. ताजमहालात आपण अठरा मिनिटं होतो. मी चाळीस वर्षांत तुमच्याबरोबर खूप बघितलं, पण पुरतं एकही बघितलं नाही. आज तुम्ही तिकडे होतात, म्हणून शेवटपर्यंत बघता आलं.’

ती हे रागाने म्हणाली असती तर माझ्याकडे उत्तर होतं. पार्किंगमध्ये खरोखरच गर्दी होते. पण ती फक्त सांगत होती, आणि सांगताना बुढ्ढी के बालांची काडी माझ्यापुढे धरत होती. मी थोडे खाल्ले. ते तोंडात काही सापडायच्या आतच संपतात.

तिचा बाक तळ्याकाठी होता. डावीकडे ती उलटीपालटी होणारी गाडी, जिला रोलर कोस्टर म्हणतात. मी बसलो, तो मुळात रागातच. हवं तेवढं बस, मी आता बोलणार नाही, अशा बेताने. दर चार मिनिटांनी ती गाडी रिकामी व्हायची. किंचाळत गेलेली माणसं उतरायची आणि लगेच केस नीट करायची. कॉलेजातल्या पोरी रडत हसायच्या. टाय लावलेला एक लठ्ठ गृहस्थ उतरला, चार पावलं चालला आणि आमच्या शेजारच्या बाकावर असा बसला की त्याच्या हातात बदलीचा हुकूमच पडलाय जणू. थोड्या वेळाने त्याने बूट तपासले, टाय सरळ केला आणि पुन्हा रांगेत गेला. मी अहिल्येला म्हटलं, हा तिसऱ्यांदा जाईल. ती म्हणाली, नाही, आता बायकोला पाठवेल. त्याने बायकोला पाठवलं.

बँडवाले आले, गेले. एक बदक सगळ्या बदकांशी भांडत होतं, त्याला आम्ही एका माजी सहसचिवांचं नाव दिलं. ते नाव मी इथे देत नाही, कारण त्यांची पेन्शन अजून चालू आहे. फुलांच्या वाफ्यापाशी एक माळी पाइप धरून उभा होता आणि झाडांऐवजी गाडीकडे बघत होता. त्याच्या पायाखाली तळं झालं होतं. मला चीड येत होती, पण ती आता चांगली, करमणुकीची चीड होती.

मग रस्त्यावरून दीनानाथ येताना दिसले, हात हलवत. क्वालिसवाला हॉर्न वाजवतोय, सहाला निघालो नाही तर गुडगावला कारखान्यांच्या बसेसमध्ये अडकू, आपण आधीच वीस मिनिटं लेट आहोत. त्यांचं सगळं बरोबर होतं. माझंच भाषण ते करत होते. अहिल्येने सवयीने पर्स उचलली आणि पदर सावरला.

मी विचारलं, ‘तुला घाई आहे का?’

दीनानाथांना वाटलं, मी त्यांना विचारलं. ते रहदारीबद्दल पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. अहिल्या माझ्याकडे बघत राहिली. हा प्रश्न मी तिला याआधी कधी विचारला होता का, ते मला आठवेना. तिलाही आठवत नसावं. तिने पर्स खाली ठेवली, चपला काढल्या आणि दोन्ही पाय बाकावर घेऊन बसली.